एक अंश उत्तर, बाकी सगळे प्रश्न

सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात सुमारे २०० हेक्टरांवर वन-नॉर्थ नावाची एक वसाहत आहे. २००१ साली तिची मुहूर्तमेढ झाली. आराखडा झाहा हदीद बाईंचा, म्हणजे बगदादला जन्मून लंडनमध्ये नाव काढलेल्या वास्तुरचनाकाराचा. सिंगापूर विषुववृत्ताच्या एक अंश उत्तरेला, म्हणून नाव वन-नॉर्थ. इंग्रजीत ते सगळं लहान अक्षरांत लिहायचा दंडक आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नसल्यामुळे या विनयाचा लाभ मराठी वाचकाला करून देता येत नाही.

इमारतींची नावं त्याहून वरताण. बायोपोलिस या संशोधनाच्या वाड्यात पहिल्या खेपेला नॅनोस, जीनोम, हेलिओस, क्रोमोस, प्रोटिओस, मॅट्रिक्स आणि सेंट्रोस अशी सात भावंडं उभी राहिली. मग न्यूरोस आणि इम्युनोस आली. शेजारी फ्यूजनोपोलिस, पलीकडे मीडियापोलिस. "मी प्रोटिओसच्या खाली थांबलोय, तू हेलिओसवरून ये," असं फोनवर सांगताना आपण नोकरीवर आलोय की ट्रॉयच्या लढाईवर, असा प्रश्न पडतो. थोडक्यात, हे कोणाचंच गाव नसलेलं गाव आहे. इथं पार नाही, वेस नाही, ग्रामदैवत नाही. सकाळी सर्कल लाइन या मेट्रोच्या पोटातून साठ देशांतली वाटावीत अशी माणसं वर येतात, गळ्यातली ओळखपत्रं दारांना दाखवतात आणि काचेमागे गडप होतात. राष्ट्रीयत्व वगैरे विसरून जायला याहून सोयीची जागा पृथ्वीवर सापडणार नाही, अशा समजुतीनं मी इथं नोकरीला आलो.

पुण्यात असताना मी भारतीय असण्याकडे फारसं लक्ष दिलेलं नव्हतं. तिथं सगळेच भारतीय असल्यामुळे त्या भांडवलावर काही मिळत नाही. तिथं पेठ सांगावी लागते, शाळा सांगावी लागते, आणि नदीच्या कुठल्या बाजूचे ते सांगावं लागतं. मी भारतीय असल्याची चौकशी आयुष्यात एकदाच झाली होती, ती पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या हवालदारांकडून. त्यांनाही उत्तरात फार रस नव्हता. चहात साखर कमी आहे, एवढीच त्यांची हरकत होती.

वन-नॉर्थमध्ये मात्र पहिल्याच आठवड्यात माझी भारताच्या प्रवक्तेपदी नेमणूक झाली. नेमणुकीचं पत्र नाही, पगार नाही आणि राजीनाम्याची सोय नाही. हा समारंभ झाला आयर राजा क्रिसेंटवरच्या टिंबर प्लसमध्ये. जहाजावरचे मालाचे डबे रंगवून, त्यांच्यात मांडलेला हा खाण्याचा बाजार. आमच्या टेबलावर एक कोरियन, एक फ्रेंच, एक फिलिपिनो बाई, दोन स्थानिक चिनी आणि मी. मी डब्यातून पोळी-भाजी काढली आणि पत्रकार परिषद सुरू झाली.

"तुमच्याकडे नवरानवरी लग्नाआधी भेटतात का?"

"तुमच्या देशात एकूण भाषा किती?"

"तुमची राष्ट्रभाषा कुठली?"

"गाय पवित्र, मग म्हैस का नाही?"

शेवटच्या प्रश्नावर मी थबकलो. चितळ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला म्हशीबद्दलचं सरकारी धोरण ठाऊक नसावं, हे फ्रेंच माणसाला पटेना. मी गोलमोल उत्तर दिलं आणि घरी जाऊन अभ्यासाला बसलो. शाळेत नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय होता; परीक्षेच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर वाचायचा. तो आता मी चाळिशीत, वातानुकूलित खोलीत, मन लावून वाचला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि त्यांतली एकही राष्ट्रभाषा नाही, हे मी दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं. टेबलावर शांतता पसरली. मग कोरियन म्हणाला, "मग तुम्ही एकमेकांशी भांडता कुठल्या भाषेत?" तो प्रश्न अनुसूचीत नव्हता.

प्रवक्त्याला श्रेय आणि दोष दोन्ही पत्करावे लागतात. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तीन देशांच्या लोकांनी माझं अभिनंदन केलं. यानाचा एकही स्क्रू मी पिळलेला नव्हता, पण अभिनंदन परत करायची पद्धत नसते. मी मान लववून, "संघाचं यश आहे," म्हणालो. पुढं नोव्हेंबरात दिल्लीच्या हवेची छायाचित्रं झळकली, तेव्हा तीच मंडळी त्याच लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून "हे काय चालवलंय तुम्ही?" अशा नजरेनं गप्प उभी राहिली. मी आयुष्यात दिल्लीला फार तर लग्नाला गेलो असेन. पण प्रवक्त्यानं "तो भाग माझ्याकडे येत नाही" असं म्हणायचं नसतं. मी गंभीर चेहऱ्यानं शेतातल्या धसकटांचं अर्थशास्त्र समजावून सांगितलं.

आता सरकारदरबारी काय परिस्थिती आहे बघू. सिंगापूरचं सरकार माणसांची चार खणांत व्यवस्था लावतं: चिनी, मलाय, इंडियन आणि इतर. यातला इंडियन हा खण आतून फार ऐसपैस आहे. जनगणनेच्या हिशेबात त्यात भारतीय वंशाचे तर येतातच, पण पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकन वंशाचेही येतात. रॅडक्लिफसाहेबांनी १९४७ साली पाच आठवडे घाम गाळून जी रेघ मारली, ती सिंगापूरच्या एका कारकुनानं एका रकान्यात पुसून टाकली, आणि त्यावर कुठं मोर्चासुद्धा निघाला नाही.

पण हा रकाना टॅक्सीत चालत नाही. तिथले चालक काका आरशातून निरखतात आणि विचारतात, "लोकल इंडियन की इंडिया इंडियन?" म्हणजे ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा इथं आले ते एक, आणि परवाच्या विमानानं आलेले आम्ही दुसरे. मी "इंडिया इंडियन" असं सांगतो. एकदा इंडियन म्हटल्यानं पुरेसं होत नाही, दोनदा म्हणावं लागतं, हे पुण्यात कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तमिळ बोल ना!" मी तमिळ बोलत नाही म्हटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर माझ्या कागदपत्रांविषयी शंका उमटते. त्यात त्यांचं काही चुकत नाही. इथल्या चार अधिकृत भाषांत तमिळ आहे, नोटांवर आहे, स्टेशनांच्या पाट्यांवर आहे. त्यांच्या लेखी तमिळ न येणारा इंडियन म्हणजे पगार घेऊन रजेवर असलेला माणूस.

ऑफिसातला कोइम्बतूरचा सहकारी तेव्हापासून माझा गुरू झाला. त्याच्याशी भारतात माझी गाठ पडली असती, तर आम्ही सांबार गोड असावं की नसावं यावरून कायमचे दुरावलो असतो. इथं तो मला दर शुक्रवारी लिटल इंडियात नेतो. १९४७पासून चाललेल्या कोमला विलासात बसून मी डोसा खातो आणि त्याच्याकडून सहा शब्दांचं तमिळ घासून घेतो. बदल्यात मी त्याला आमटीत गूळ का घालतात, ते समजावतो. त्याला ते अजून पटलेलं नाही. मला त्याचा रसमचा सिद्धांत पटलेला नाही. पण कोरियन जेव्हा डोशाबद्दल विचारतो, तेव्हा मी "आमचा डोसा" असंच म्हणतो, आणि कोइम्बतूरकर पुरणपोळीवर अभिमानानं व्याख्यान देतो. विचारणारा परका समोर असला की एकमेकांच्या ताटातलं आपलंच वाटायला लागतं.

भाषेची खरी गंमत मुलांच्या शाळेत आहे. इथल्या शाळेत इंग्रजीखेरीज 'मातृभाषा' हा विषय सक्तीचा असतो. इंडियन मुलानं तमिळ घ्यावी. ती घरात बोलत नसतील तर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू यांतली एक निवडावी. यादी पुन्हा वाचून बघा. मी चष्मा लावून वाचली, काढून वाचली. मराठी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या घरी श्रीखंड झालं. पण अभिजात झालेली मराठी सिंगापूरच्या शाळेत मातृभाषा काही होऊ शकलेली नाही. परिणामी बहुतेक मराठी घरांतल्या पोरांची सरकारमान्य मातृभाषा हिंदी आहे, आणि ती त्यांच्या मातेला धड येत नाही. आमची ही लेकाचा गृहपाठ घेताना "वो दही स्त्रीलिंगी होता है की पुल्लिंगी?" असं मला विचारते आणि मी घाईघाईनं दूध आणायला बाहेर पडतो.

जून २०२५मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि सरकारला शासननिर्णय मागं घ्यावे लागले. आमचे एक मामा त्या आंदोलनात घोषणा देऊन घसा बसवून घेते झाले. त्याच सुमारास इथले मराठी आईबाप हिंदीच्या शिकवणीची वेळ पोहण्याच्या वर्गाशी कशी जुळवायची, या विवंचनेत होते. मामांनी व्हिडिओ कॉलवर नातवाला विचारलं, "काय शिकलास रे आज?" नातवानं अदबीनं हात जोडले आणि म्हणाला, "नमस्ते नानाजी, आज हमने विलोम शब्द सीखे." मामांचा घसा बसलेला होता म्हणून निभावलं.

फ्यूजनोपोलिसात एका इमारतीवर 'सिम्बायोसिस' अशी पाटी आहे. ती वाचून पुणेकराच्या पायांना आपसूक सेनापती बापट रस्त्याचा चढ जाणवतो. पुण्याची सिम्बायोसिस १९७१ साली सुरू झाली. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांचे हाल पाहिले आणि त्यांच्यासाठी ही संस्था काढली. तेव्हापासून पुण्याच्या गल्ल्यांत इराणी, मॉरिशियन, टांझानियन, येमेनी मुलं खोल्या घेऊन राहायला लागली. आमच्या वाड्यातही दारेसलामचा एक मुलगा राहत होता. त्याला अख्ख्या वाड्यानं आफ्रिकेचा प्रवक्ता केलं होतं. "सिंह घराजवळ येतो का रे?" असं आमचे अण्णा रोज सकाळी ब्रश करताना विचारायचे. तो चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला होता, त्यानं सिंह पहिल्यांदा पेशवे पार्कात पाहिला असावा. सुरुवातीला तो "नाही" म्हणायचा. मग अण्णांचा पडलेला चेहरा बघून, पुढं पुढं "पावसाळ्यात येतो" असं सांगायला लागला. परवा फ्रेंच माणसानं मला विचारलं, "तुम्ही हत्तीवर बसला आहात का?" मी म्हणालो, "लहानपणी. शाळेत जाताना." दारेसलामच्या त्या मुलाची मला मनापासून आठवण झाली. प्रवक्त्याला कधीकधी जनभावनेचा मान राखावा लागतो.

परदेशी बसून मायदेश कुरवाळण्याची परंपरा या मातीत आमच्याही आधीची आहे. वन-नॉर्थच्या कडेला रोचेस्टर पार्कात काळे-पांढरे बंगले आहेत आणि पोर्ट्सडाउन रस्त्याच्या बाजूला वेसेक्स इस्टेट आहे. ब्रिटिश लष्करी अंमलदार तिथं राहत. त्या वसाहतीतल्या रस्त्यांची नावं व्हिटचर्च, वोकिंग, वेहिल, वेस्टबोर्न. इंग्लंडच्या दक्षिणेतली ही गावं उचलून साहेबानं इथल्या आंब्या-फणसांत आणून ठेवली. वर्षभर घाम पुसत तो वोकिंग रस्त्यावर राहिला आणि घरी पत्र लिहून हवेबद्दल तक्रार करत राहिला. क्वीन्सटाउन हे नावसुद्धा १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकावरून पडलं. साहेबाच्या हातात सत्ता होती म्हणून त्याला आठवण आली की रस्त्याला नाव देता येत होतं. ती सोय आम्हाला मिळाली असती, तर आज टॅक्सीवाल्याला "अप्पा बळवंत क्रिसेंटवरून डावीकडे तुळशीबाग क्लोजला घ्या" असं सांगता आलं असतं. आणि चालक काकांनीही नेमकं पुण्यातल्या रिक्षावाल्याप्रमाणे "तिकडं येत नाही" म्हणून सांगितलं असतं. सत्ता नसल्यामुळे आम्ही आठवणीची सोय वाय-फायच्या नावावर लावतो. आमच्या इमारतीत संध्याकाळी फोन उघडला की 'सिंहगड_५जी' दिसतं, त्याखाली 'कोच्ची एक्सप्रेस', त्याखाली 'आमार बाडी'. अख्खा भारत, कुलूप लावलेला.

सणांचं वेळापत्रकही एक मजाच आहे. सिंगापुरात दीपावलीची सार्वजनिक सुट्टी असते, पण ती तमिळ रिवाजानं, नरक चतुर्दशीला. २०२४ साली सुट्टी ३१ ऑक्टोबरला होती आणि आमचं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. २०२५ साली सुट्टी २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ला. म्हणजे अभ्यंगस्नान निवांत, उटणं लावून, पहाटे. आणि लक्ष्मी ज्या संध्याकाळी यायची, त्या संध्याकाळी घरचा कर्ता फ्यूजनोपोलिसच्या अकराव्या मजल्यावर तिमाहीच्या आकड्यांची बैठक घेत असतो. एका अर्थानं लक्ष्मीचीच उपासना ती. फटाक्यांवर १९७२पासून बंदी आहे, त्यामुळे आम्ही लवंगी लावत नाही, तिच्याविषयी मुलांना सांगतो. ऑफिसात फराळ नेला की स्थानिक मंडळी चकलीकडे बघून आनंदानं "मुरुक्कू!" म्हणतात. भाजणीत काय काय पडतं, ती किती मंद आचेवर भाजतात, हे मी पहिल्या वर्षी सविस्तर सांगितलं. आता मी फक्त डबा उघडतो. कोइम्बतूरकर मुरुक्कूचा डबा उघडतो. फिलिपिनो बाई दोन्हींतून घेते आणि म्हणते, "सेम सेम." त्या क्षणी आम्ही दोघं एकमेकांकडे ज्या नजरेनं बघतो, तिला राष्ट्रीय एकात्मता असं म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यदिनाचं तर पुरतं उलटं झालं. पुण्यात १५ ऑगस्ट मला आवडायचा तो सुट्टी असायची म्हणून. ढग असले की गाड्या काढून लोणावळ्याला. इथं सुट्टी असते ९ ऑगस्टला, सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनाची. १५ ऑगस्टचा ध्वजारोहणाचा कार्यक्रम ग्रँज रोडवरच्या उच्चायुक्तालयात सकाळी असतो, आणि त्यासाठी मला ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागते. सुट्टीसाठी स्वातंत्र्यदिन आवडणारा माणूस स्वातंत्र्यदिनासाठी सुट्टी टाकायला लागला, की त्याला परदेश लागला असं समजावं. तिथं राष्ट्रपतींचं देशाला उद्देशून केलेलं भाषण वाचून दाखवतात. मी ते पूर्ण ऐकतो. भारतात असताना ते सुरू झालं की मी उठून टीव्हीचा आवाज बंद करून चहा टाकायचो. शेजारी उभ्या असलेल्या गुजराती आजी डोळे पुसत असतात. त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेपल्याचा वास येतो. राष्ट्रगीत संपलं की त्या ठेपले वाटतात. गेल्या वर्षी पंजाबी जोडप्यानं बर्फी वाटली. मी काही नेत नाही, पण वाटपात शिस्त राखतो. पुणेकराचं राष्ट्रकार्य तेवढंच.

आठवडाभर भारतीय राहून दमलेला माणूस रविवारी महाराष्ट्र मंडळात जाऊन पुन्हा पुणेकर होतो, हेही सांगायला हवं. तिथं कोणी राष्ट्रभाषा विचारत नाही. तिथं विचारतात, "तुम्ही कुठले?" आणि उत्तर ऐकून "अच्छा, म्हणजे पुण्याचे," असं जे म्हणतात, त्यात पूर्ण सातारा जिल्ह्याचा अभिप्राय सामावलेला असतो. गणेशोत्सवात उकडीच्या मोदकांवर कोकण आणि तळलेल्यांवर विदर्भ आपापली बाजू लावून धरतो. 'ऋतुगंध' या मंडळाच्या अंकासाठी लेख द्या, असं कोणी म्हटलं की ऑफिसात तीन वाक्यांपलीकडे मेल न लिहिणारा माणूस शुद्धलेखनावरून तावातावानं वाद घालतो. तास-दोन तास सगळे यथेच्छ प्रांतिक होतात आणि सोमवारी ताजेतवाने होऊन भारताची बाजू मांडायला निघतात.

मला या सगळ्याचा उलगडा करून दिला तो आमच्या ऑफिसातल्या एका स्थानिक तमिळ बाईंनी. तीन पिढ्या सिंगापुरात. त्या भारतात फक्त एकदा, तिरुपतीला गेलेल्या. त्यांनी एक दिवस मला विचारलं, "झाशीची राणी तुमच्याकडचीच ना?" मी म्हणालो, "हो, तांब्यांची मनू, मोरोपंतांची मुलगी." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही अजून कॅथेला कसे गेला नाहीत?"

वन-नॉर्थहून सर्कल लाइनमध्ये बसलं की शेवटचं स्टेशन लागतं धोबी घाट. नावच धोबी घाट; एके काळी भारतातून आलेले धोबी तिथल्या ओढ्यावर कपडे धूत. स्टेशनाबाहेर आलं की कॅथे या चित्रपटगृहाच्या इमारतीची जुनी दर्शनी भिंत दिसते. २१ ऑक्टोबर १९४३ला नेताजी सुभाषचंद्र बोसांनी याच इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा केली. त्याच महिन्यात सिंगापुरात बायकांच्या पलटणीची छावणी उघडली, तिचं नाव राणी झाँसी रेजिमेंट. तिच्या प्रमुख कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन, म्हणजे पुढं ज्यांना आपण कॅप्टन लक्ष्मी सहगल म्हणून ओळखलं त्या. मद्रासच्या डॉक्टर, सिंगापुरात दवाखाना चालवायच्या. आणि पलटणीत भरती झालेल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या. ज्या देशासाठी बंदूक हातात घेतली, तो देश त्यांच्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

आता हा हिशेब मांडून बघा. नेता बंगाली. डॉक्टर मद्रासची. मुली मलायाच्या. कवायतीची भाषा हिंदुस्थानी. आणि नाव मोरोपंत तांब्यांच्या लेकीचं, तेही बुंदेलखंडातल्या गावासकट. भारतात असली पलटण उभी करायची ठरली असती तर आधी राणी नक्की कोणाची यावर परिसंवाद झाला असता, मग पुतळ्याची उंची ठरली असती, आणि मुलींना कुठल्या भाषेत "सावधान" म्हणायचं यावर समिती बसली असती. इथं त्या भानगडींना वेळ नव्हता आणि कोणाचं बहुमतही नव्हतं. मी झाशीच्या राणीविषयी शाळेत निबंध लिहिला होता, तो तिला मराठी समजून. वन-नॉर्थच्या स्टेशनवर परत उतरताना ती मला पहिल्यांदा भारतीय वाटली, आणि ते प्रमाणपत्र तिला एका अशा बाईनं दिलं होतं जिच्या पासपोर्टवर अशोकस्तंभ नाही.

भारतीय असणं एकट्यादुकट्याचं काम नाही, असं माझं आता मत झालं आहे. त्याला चार दुसऱ्या प्रांतांची माणसं लागतात, ज्यांच्याकडून उत्तरं उसनी घेता येतील. आणि एक परका लागतो, प्रश्न विचारायला. देशात पहिल्या प्रकारची माणसं मुबलक असतात, पण त्यांच्याकडे उसनं मागायची वेळ येत नाही, कारण दुसऱ्या प्रकारचं कोणी भेटत नाही. सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावरून सागराला साकडं घातलं ते १९०९ साली. तेव्हा मायभूमी आगबोटीनं काही आठवड्यांवर होती. सिंगापूरहून मुंबईला विमान साडेपाच तासांत पोचतं. पुण्याहून नागपूरला रेल्वेनं त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. अंतराच्या जोरावर तळमळायचा हक्क आम्हाला राहिलेला नाही. जी काही तळमळ होते, ती त्या फ्रेंच माणसाच्या म्हशीच्या प्रश्नानं.

सुट्टीत पुण्याला गेलो की वाटतं, सुटलो. इथं मला कोणी म्हशीबद्दल विचारणार नाही. पण चपला काढायच्या आत भाचा समोर येतो. "मामा, सिंगापूरमध्ये च्युइंगगम खाल्लं तर फटके मारतात?"

"छे रे," मी पिशवी खाली ठेवत म्हणतो, "१९९२ साली आयातीवर आणि विक्रीवर बंदी आली. चघळणं हा गुन्हा नाही. शिवाय २००४पासून औषधी गम दुकानात मिळतो."

"आणि तिथं लोकशाही आहे का हो?" सोफ्यावरून मेहुणे विचारतात.

"रस्ते एवढे स्वच्छ कसे?" सासूबाई विचारतात. "लोकं थुंकतच नाहीत?"

"तिथले चिनी लोक खरंच सगळं खातात?" अण्णा विचारतात. ते आता नव्वदीला टेकले आहेत, पण सिंहाची आशा त्यांनी सोडलेली नाही.

मी घसा खाकरतो, पाणी पितो आणि सविस्तर उत्तरं द्यायला लागतो. घरांचे कोटे, गाडीच्या परवान्याचा लिलाव, हॉकर सेंटरमधली ताटं स्वतः उचलून ठेवण्याचा नियम. कोणी वेडंवाकडं बोललं तर मला राग येतो आणि मी आकडे काढून दाखवतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, सिंगापूरही देत नाही. दोघांनाही सवत चालत नाही. दुहेरी प्रवक्तेपद मात्र दोघांनी मिळून मला दिलं आहे, आणि मानधनाचा विषय निघाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.